नोकरी सांभाळून ऑनलाइन एम.एससी. नर्सिंग: भारतात, अमेरिकेत, आणि क्लिनिकलच्या तासांचं काय?

निशिगंध
दोन वेगळे प्रश्न नेहमी एकाच दमात विचारले जातात आणि उत्तरांची सरमिसळ होते, म्हणून हा धागा. पहिला: भारतात ड्युटी करता करता घरबसल्या एम.एससी. नर्सिंग करता येतं का? तशा जाहिराती रोज दिसतात. दुसरा: अमेरिकेत आर.एन. (नोंदणीकृत नर्स) म्हणून बारा-बारा तासांच्या तीन ड्युट्या करणाऱ्या सिस्टरला ऑनलाइन एम.एस.एन. (तिथली नर्सिंगची मास्टर्स) करून नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषधं लिहून देणारी नर्स) होता येतं का, आणि आठवड्यात ते बसतं कसं? ज्यांना नियम माहीत आहेत त्यांनी कृपया नेमकं लिहा. "मनात आणलं की जमतं" हे सगळ्यांना माहीत आहे. किती तास, कुठली कागदपत्रं, कुठे अडतं, ते हवंय.

ट्यूटर मॅडम
पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही. भारतात एम.एससी. नर्सिंग हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. यूजीसीच्या २०२० च्या दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या विनियमांत ज्या विषयांना बंदी आहे त्यांत वैद्यकीय, दंत, फार्मसी यांच्या जोडीने नर्सिंगही आहे. दूरस्थ पद्धतीने केलेली एम.एससी. भारतीय परिचर्या परिषद मान्य करत नाही. परिषदेने मान्यता दिली नाही की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत ती वाढीव पात्रता म्हणून नोंदत नाही. नोंद नाही, तर कॉलेजात शिकवण्याच्या पदासाठी ती धरत नाहीत. पदवीचा कागद भिंतीवर राहतो, पगारात काही दिसत नाही.

गोंधळ होतो तो इग्नूमुळे. इग्नूचा पोस्ट बेसिक बी.एससी. नर्सिंग दूरस्थ आहे आणि तो परिषदेला मान्य आहे. पण तो जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका) झालेल्यांसाठी आहे आणि ती पदवी आहे, पदव्युत्तर नव्हे. बारावीनंतर जी.एन.एम. केलं असेल तर नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो, दहावीनंतर केलं असेल तर पाच वर्षांचा. प्रवेश परीक्षा द्यावी लागते, किमान तीन वर्षं लागतात, आणि प्रात्यक्षिकं अभ्यासकेंद्रावर जाऊनच करावी लागतात. "इग्नूचं चालतं, मग यांचं का नाही?" असं म्हणून जाहिरातवाले माणसं गोळा करतात. कृपया बळी पडू नका.

सातारकर ब्रदर
मॅडम, मग जाहिरात खरी की खोटी हे फोनवरच कसं ओळखायचं? समोरचा "यूजीसी मान्यताप्राप्त विद्यापीठ" एवढंच घोकतो.

ट्यूटर मॅडम
विद्यापीठ मान्यताप्राप्त असतंही. तो अभ्यासक्रम, त्या पद्धतीने, मान्य आहे का, हे विचारायचं. तीन प्रश्न विचारा, पुरे होतं. परिषदेच्या संकेतस्थळावरच्या संस्थांच्या यादीत तुमच्या कॉलेजचं नाव एम.एससी.खाली, माझ्या स्पेशालिटीसमोर, यंदाच्या वर्षासाठी आहे का? क्लिनिकल पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलात आहे, त्या हॉस्पिटलचं नाव सांगा. आणि हजेरी कुठे लागते? "हजेरीचं आम्ही बघतो" असं उत्तर आलं की फोन ठेवा. नावापुरता प्रवेश आणि कागदावर हजेरी हाही त्यातलाच प्रकार. एकाच काळात एका जिल्ह्यात पूर्णवेळ नोकरी आणि दुसऱ्या राज्यात पूर्णवेळ एम.एससी., असे दोन दाखले पडताळणीत समोरासमोर आले की अनुभव आणि पदवी, दोन्ही धोक्यात येतात.

नोकरीत राहून शिकण्याच्या सरळ वाटा आहेत. सरकारी सेवेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. अर्ज खात्यामार्फत द्यायचा, ना-हरकत घ्यायची आणि बंधपत्र नीट वाचून सही करायची. एम.एससी.च्या प्रवेशाला बी.एससी. किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. ना-हरकतीचा कागद प्रवेशाच्या तारखेला हातात नसतो, तिथेच बहुतेकांचं वर्ष जातं. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरतानाच त्याचा अर्ज टाका.

आणि आयसीयूत काम करणाऱ्यांनी क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा रेसिडेन्सी अभ्यासक्रम नक्की बघावा. दोन वर्षं, थिअरी वीस टक्के आणि बाकी ऐंशी टक्के क्लिनिकल. शिकण्याची जागा आयसीयूच. माझ्या मते खाटेशी राहू इच्छिणाऱ्यांसाठी यापेक्षा प्रामाणिक अभ्यासक्रम आपल्याकडे सध्या नाही. मान्य कॉलेजं कमी आहेत, ही खंत आहे.

टेक्सासकर
आता अमेरिकेकडे येतो. इथे ऑनलाइन एम.एस.एन. पूर्ण कायदेशीर आहे आणि नोकरी करणाऱ्या आर.एन.साठीच बेतलेला असतो. पण "ऑनलाइन" म्हणजे थिअरी ऑनलाइन. क्लिनिकलचे तास प्रत्यक्ष पेशंटसमोर, तुमच्या गावच्या क्लिनिकमध्ये करायचे असतात. शिवाय बरीच कॉलेजं शारीरिक तपासणीच्या परीक्षेसाठी दोन-चार दिवस कॅम्पसवर बोलावतात. केंटकीतल्या फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या. डोंगराळ भागातल्या नर्सेस आपल्याच गावात राहून शिकाव्यात हाच त्यांचा बाणा, मूळ शाळा १९३९ ची, तरी विद्यार्थ्यांना कॅम्पसवर यावंच लागतं.

आधी ट्रॅक ठरवा. शिक्षण, व्यवस्थापन किंवा इन्फर्मॅटिक्स घेतलं तर प्रॅक्टिकमचे तास थोडे असतात, वेगळं लायसन्स लागत नाही, आणि नोकरीसोबत ते खरोखर बसतं. नर्स प्रॅक्टिशनर हे वेगळं प्रकरण आहे. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे थेट पेशंटसोबतचे किमान ७५० तास लागतात. भूल देणाऱ्या नर्सचा म्हणजे सी.आर.एन.ए.चा कोर्स आता डॉक्टरेटचाच झालाय आणि तो नोकरीसोबत होत नाही. त्या नादाने ऑनलाइन एम.एस.एन. घेऊ नये.

ट्रॅकमध्ये होणारी सगळ्यात महाग चूक सांगतो. आयसीयूतली नर्स फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर घेते, कारण जागा जास्त आणि कॉलेजं भरपूर. पास झाल्यावर तिला आयसीयूतच प्रॅक्टिशनर म्हणून राहायचं असतं. पण इथलं लायसन्स भूमिका आणि पेशंटचा गट, या दोन्हींना बांधलेलं असतं. फॅमिली म्हणजे बाहेरच्या रुग्णांचं प्राथमिक उपचारांचं काम. आयसीयूसाठी प्रौढांचा अॅक्यूट केअर ट्रॅक हवा. मग दुसरं प्रमाणपत्र, पुन्हा क्लिनिकल, पुन्हा फी.

मान्यता दोन पातळ्यांवर बघायची. विद्यापीठाची, आणि नर्सिंग कोर्सची. दुसरी सी.सी.एन.ई., ए.सी.ई.एन. किंवा एन.एल.एन.ची सी.एन.ई.ए. या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची हवी, नाहीतर सर्टिफिकेशनच्या परीक्षेलाच बसता येत नाही. त्यानंतर राज्य. कॉलेज ज्या राज्यात आहे ते बाजूला ठेवा. तुम्ही ज्या राज्यात क्लिनिकल करणार तिथे त्यांना परवानगी आहे का ते लेखी विचारा. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनसाठी बाहेरच्या कॉलेजांना वेगळी मंजुरी लागते, त्यामुळे कित्येक कॉलेजं तिथले विद्यार्थी घेतच नाहीत. मधेच राज्य बदलणार असाल, म्हणजे ट्रॅव्हल नर्सिंग किंवा नवऱ्याची-बायकोची बदली, तर दोन्ही राज्यांचं विचारा.

निशिगंध
७५० तास ऐकून धडकीच भरते. प्रत्यक्ष आठवडा कसा दिसतो?

टेक्सासकर
गणित मांडू. आठवड्यात आठ तासांचे दोन दिवस क्लिनिकल म्हणजे १६ तास. १५ आठवड्यांच्या सत्रात २४०. तीन सत्रांत ७२०. म्हणजे ३० तास उरतातच, आणि हे एकही सुट्टी न धरता. थँक्सगिव्हिंग, प्रिसेप्टरची (क्लिनिकमध्ये हाताखाली शिकवणाऱ्याची) रजा, बर्फाचा दिवस, मुलाचा ताप, सगळं याच्यातून जातं. म्हणून पूर्ण नोकरी करणाऱ्याने चार सत्रांची योजना घ्यावी. सत्राला साधारण १८८ तास, आठवड्याला साडेबारा.

थिअरीचा हिशेब वेगळा. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात सुमारे ४५ तासांचं काम. तीन क्रेडिटचा विषय १५ आठवड्यांत घेतला तर आठवड्याला नऊ तास. तोच विषय आठ आठवड्यांच्या छोट्या सत्रात घेतला तर जवळजवळ १७. जाहिरातीत "एका वेळी एकच विषय" लिहिलेलं असतं, ते छान वाटतं. सत्र किती आठवड्यांचं आहे ते बारीक अक्षरात असतं. पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट हे तिन्ही विषय सुटेच घ्या. फार्माकॉलॉजीसोबत दुसरा विषय घेऊन नाइट ड्युटी केली की ग्रेड घसरते. बहुतेक ठिकाणी पास व्हायला बी लागतो, सी म्हणजे विषय पुन्हा.

तेव्हा क्लिनिकलच्या सत्रात ३६ तास ड्युटी, साडेबारा क्लिनिकल, नऊ अभ्यास, मिळून साडेसत्तावन्न, वर प्रवास. हे जमतं, पण लहान मूल असेल तर ड्युटी ०.९ वरून ०.६ (पूर्णवेळ म्हणजे १) करून घ्यावी, म्हणजे बारा तासांच्या दोनच पाळ्या. विमा ०.६ वर चालू राहतो का हे आधी एच.आर.ला विचारा. सगळीकडे राहत नाही.

वॉर्डातली वेदा
प्रिसेप्टर कॉलेज देतं ना?

टेक्सासकर
काही कॉलेजं देतात, बरीच देत नाहीत. वेबसाइटवर "क्लिनिकल प्लेसमेंट सपोर्ट" असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पुष्कळदा नावांची यादी ईमेल करतात एवढाच. प्रवेश घेण्याआधी नेमका प्रश्न लेखी विचारा: "मला प्रिसेप्टर सापडला नाही तर तुम्ही देणार का, आणि माझं सत्र पुढे गेलं तर त्या सत्राची फी लागते का?" कोर्स अर्धवट सुटण्याचं कारण पुष्कळदा अभ्यास नसतो, प्रिसेप्टर असतो.

सहा ते नऊ महिने आधी शोध सुरू करा. फॅमिली ट्रॅकमध्ये प्रौढांचं क्लिनिक मिळतं. अडतं ते लहान मुलं आणि स्त्रियांच्या आरोग्याचं. तेव्हा ते दोन आधी पक्के करा, बाकीचे नंतर. डॉक्टरांना थेट ईमेल करू नका, ते वाचत नाहीत. ऑफिस मॅनेजरला एकाच पानाचं पत्र द्या. त्यात कॉलेजचं नाव, विषयाचा क्रमांक, किती तास, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याचे कोणते दोन वार, तुमचा लायसन्स क्रमांक, आणि "मालप्रॅक्टिस विमा कॉलेजकडून" ही ओळ ठळक. तिला नेमकी त्याचीच काळजी असते. डॉक्टर प्रिसेप्टर चालतो का, पी.ए. (डॉक्टरचा फिजिशियन असिस्टंट) चालतो का, हे कॉलेजगणिक बदलतं. आधी विचारा, नाहीतर केलेले तास मोजत नाहीत.

प्रिसेप्टर "हो" म्हणाला की काम संपत नाही. कॉलेज आणि क्लिनिक यांच्यात करार व्हावा लागतो. मोठ्या हॉस्पिटल समूहाच्या क्लिनिकला दोन-चार महिने सहज लागतात, त्यांच्या वकिलांकडून कागद फिरून येतो. करारावर शेवटची सही होण्याआधी केलेला एकही तास धरत नाहीत.

स्वतःच्या वॉर्डात, पगारी ड्युटीवर केलेले तास चालत नाहीत. त्याच हॉस्पिटलच्या दुसऱ्या विभागात, ड्युटीबाहेर, बऱ्याच ठिकाणी चालतं. मॅनेजरशी आधी बोला, बॅज वेगळा लावा.

लॉगचं एक सांगतो. टायफनसारख्या प्रणालीत प्रत्येक पेशंट नोंदवायचा असतो: वयोगट, भेटीचा प्रकार, निदानाचा कोड, लागलेली मिनिटं, आणि तुम्ही नुसतं पाहिलं, प्रिसेप्टरसोबत केलं की बरंचसं स्वतः केलं. त्याच संध्याकाळी भरा. रविवारी सोळा पेशंट आठवून भरायला बसलं की मिनिटांची बेरीज दिवसाच्या तासांशी जुळत नाही आणि फॅकल्टी सगळा दिवस परत पाठवते. पेशंटचं नाव, जन्मतारीख लॉगमध्ये कधीच नाही.

निशिगंध
क्लिनिकलसाठी लसीकरणाच्या कागदांत काही वेगळं लागतं का?

मुक्काम न्यू जर्सी
एक गोष्ट फक्त आपल्या लोकांची. टी.बी.ची कातडीखालची टेस्ट करू नका. लहानपणी बी.सी.जी. झालेली असते, ती टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, पत्र, पुन्हा पत्र, आणि सत्राचे पहिले दोन आठवडे त्यात जातात. पहिल्यापासूनच रक्ताची टेस्ट मागा, क्वांटिफेरॉन. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांचे टायटर (रक्तातली प्रतिकारशक्ती मोजणारी टेस्ट) काढून ठेवा, कारण भारतातलं लसीचं कार्ड बहुतेकांकडे नसतं. हिपॅटायटिस बीचं टायटर निगेटिव्ह आलं तर डोस पुन्हा घ्यावे लागतात, त्याला महिने लागतात. म्हणून हे काम पहिल्याच सत्रात उरकावं.

आता मार्कशीट. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये झालं. त्याआधीची पदवी असेल तर ट्रान्स्क्रिप्ट मुंबई, पुणे, नागपूर किंवा एस.एन.डी.टी., जे मूळ विद्यापीठ असेल तिथूनच येणार. नाशिकला अर्ज करून उपयोग नाही. बहुतेक कॉलेजं विषयवार मूल्यांकन (भारतातली पदवी इथे कितीला धरायची त्याचा अहवाल) मागतात आणि ते कागद विद्यापीठाकडून थेट मूल्यांकन संस्थेकडे जावे लागतात. तुम्ही उघडलेला लिफाफा चालत नाही. आपल्याकडचे ६०–६५ टक्के बघून खचू नका. मूल्यांकनात टक्के तसेच्या तसे उतरवत नाहीत, ग्रेड आपल्या विद्यापीठाच्या पद्धतीप्रमाणे काढतात.

सगळ्यात जास्त अडतं नावावर. नाशिकच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव मधे. अमेरिकन लायसन्सवर मधलं नाव नुसत्या आद्याक्षरापुरतं. तिन्ही कागद बघणाऱ्याला त्या तीन वेगळ्या बायका वाटतात. लग्नाचा दाखला आणि नाव बदलल्याचं राजपत्र, दोन्ही स्कॅन करून पहिल्याच अर्जासोबत जोडा, मागायची वाट पाहू नका.

वॉर्डातली वेदा
आणि फक्त जी.एन.एम. असेल तर? किंवा भारतातलं एम.एससी. असेल तर?

मुक्काम न्यू जर्सी
जी.एन.एम. इथे पदवी धरत नाहीत. आर.एन. लायसन्स असेल तर आर.एन. ते एम.एस.एन. असा जोडकोर्स शोधायचा, त्यात पदवीचे विषय आधी होतात. पोस्ट बेसिकचं मूल्यांकन संस्थेप्रमाणे वेगवेगळं येतं. फी भरण्याआधी कॉलेजला विचारा की ते कोणत्या संस्थेचं मूल्यांकन मानतात. भारतातलं एम.एससी. मास्टर्स म्हणून मूल्यांकित झालं तर पूर्ण एम.एस.एन. पुन्हा करायचं कारण नाही. पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट बघा. कॉलेज तुमचे विषय ताडून पाहतं आणि उरलेलेच देतं. क्लिनिकलचे तास मात्र सगळे लागतात.

ह्यूस्टनची माई
पैशांचं लिहिते. मालकाने दिलेली शिक्षणमदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते. हे कॅलेंडर वर्ष धरतात, आणि पैसे कधी मिळाले ते बघतात. डिसेंबरात संपलेल्या विषयाचे पैसे जानेवारीत मिळाले तर ते पुढच्या वर्षात जातात. तेव्हा विषय असे मांडा की दोन्ही वर्षांची मर्यादा पूर्ण वापरली जाईल. करार वाचा: किती ग्रेडला पैसे, पूर्णवेळ राहण्याची अट आहे का, आणि सोडून गेल्यास किती परत. ड्युटी ०.६ केली की ही मदत अर्धी होते किंवा बंद होते, असं पुष्कळ ठिकाणी आहे. टेक्सासकर दादांनी सांगितलेली तासांची कपात करण्याआधी हे तपासाच.

सरकारी कर्ज ग्रीन कार्डधारकांना मिळतं, एच-१बी (कामाचा व्हिसा) वाल्यांना नाही. त्यासाठी किमान अर्धवेळ नोंदणी लागते. एका सत्रात एकच विषय घेतला की ती अट मोडू शकते, आणि जुन्या कर्जाचे हप्तेही सुरू होतात. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदव्युत्तर शिक्षणाचं जादा सरकारी कर्ज) नाही, आणि सर्वसाधारण पदव्युत्तर कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर राहते. फीचा तक्ता करताना हे धरून चाला.

सातारकर ब्रदर
भारतातून ऑनलाइन एम.एस.एन.ला प्रवेश घेऊन त्यावर व्हिसा मिळतो का? एजंट तसं सांगतात.

मुक्काम न्यू जर्सी
मिळत नाही. पूर्ण ऑनलाइन कोर्सवर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) देत नाहीत. एफ-१ वर असलेल्यालाही पूर्णवेळ भारात सत्राला एकच ऑनलाइन विषय धरता येतो. नर्स प्रॅक्टिशनर ट्रॅकला तर अमेरिकेतलं चालू आर.एन. लायसन्स आणि इथलं क्लिनिकल लागतं. एच-१बी किंवा एच-४ (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर इथे आधीच असाल तर अर्धवेळ शिकायला व्हिसा बदलावा लागत नाही.

ट्यूटर मॅडम
आणि परदेशातली ऑनलाइन एम.एस.एन. घेऊन इथे शिकवायला यायचं म्हणाल तर यूजीसीची परदेशी पदव्यांची समकक्षता नर्सिंगला लागू नाही. निर्णय परिचर्या परिषदेचा. परतायचा विचार असेल तर आधी परिषदेला लेखी विचारा.

लीड्सवासी
इंग्लंडचं थोडक्यात. मास्टर्स १८० क्रेडिटचं, आणि २० क्रेडिटचा विषय म्हणजे २०० तासांचं काम धरतात. अर्धवेळ तीन वर्षांत होतं. औषधं लिहून देण्याचा व्ही-३०० घ्यायचा असेल तर एन.एम.सी.च्या (तिथल्या परिचर्या परिषदेच्या) नोंदणीला किमान एक वर्ष झालेलं हवं, आणि देखरेख करणारा प्रिस्क्रायबर आधी पक्का हवा. मॅनेजरकडून अभ्यासाचे दिवस रोटावर (ड्युटीच्या तक्त्यावर) लिहून घ्या. तोंडी दिलेले दिवस हिवाळ्यात वॉर्ड भरला की जातात.

वॉर्डातली वेदा
नाइट करणाऱ्यांनी परीक्षा आणि असाइनमेंट कशा सांभाळायच्या?

ह्यूस्टनची माई
घड्याळ आधी बघा. मुदत पुष्कळ ठिकाणी रविवारी रात्री ११:५९, पण पूर्व किनाऱ्याच्या वेळेने. टेक्सासात तेव्हा १०:५९, कॅलिफोर्नियात ८:५९. रविवारची नाइट सातला सुरू होते, म्हणजे मुदत ड्युटीत संपते. दुपारी चारनंतर काही पाठवायचं ठेवू नका. कोर्समधल्या ऑनलाइन चर्चेचं पहिलं उत्तर साधारण बुधवारी आणि इतरांना प्रतिसाद रविवारपर्यंत असे वेगळे मागतात. एकाच दिवशी दोन्ही टाकले तर गुण कापतात.

कॅमेऱ्यासमोरची परीक्षा हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर देता येत नाही, त्यावर परीक्षेचं सॉफ्टवेअर बसवू देत नाहीत. घरचा लॅपटॉप चार्जरला लावलेला, दुसरा स्क्रीन वायरसकट काढलेला, टेबल रिकामं, फोन खोलीबाहेर. प्रश्न ओठांनी पुटपुटत वाचायची सवय मोडा, प्रणाली त्यावर खूण करून ठेवते. सराव चाचणी दोन दिवस आधी द्या, त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर. आणि नाइट संपवून सकाळी नऊची परीक्षा घेऊ नका. वेळ निवडता येत असेल तर ऑफच्या दुसऱ्या दिवशीची दुपार घ्या. पहिला ऑफ झोपेतच जातो.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. अर्जाआधी कॉलेजला पाठवायचं पत्र या धाग्यातून असं उतरवलंय: माझ्या राज्यात क्लिनिकलची परवानगी आहे का, प्रिसेप्टर न मिळाल्यास जबाबदारी आणि फी कोणाची, सत्र किती आठवड्यांचं, कॅम्पसवर किती वेळा, कोणत्या संस्थेचं मूल्यांकन चालतं. काही राहिलं का?

टेक्सासकर
एक राहिलं. कोर्स पूर्ण करायची कमाल मुदत किती, आणि एक सत्र सुट्टी घेतली तर ती त्यातच मोजतात का. बाळंतपण किंवा भारतात आई-वडिलांचं आजारपण आलं की नेमकं हेच लागतं.